अर्धा तास आधी येणारे काका

आमच्या ऑफिसात काका सगळ्यांच्या आधी यायचे, आणि तेही माझा कॉम्प्युटर चालू करायला. बेलापूरच्या एका वकिलांकडे ते शिपाई होते, मी टायपिस्ट. कॉम्प्युटर इतका जुना, की बटण दाबल्यापासून कामाला लागेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं खायचा. साहेबांना नवा घ्यायचा नव्हता. कोणी म्हणे नको ते प्रोग्राम काढा, कोणी म्हणे डिस्क बदला. काकांचं म्हणणं वेगळंच. "मशीन म्हातारा हाय, त्याला घाई नाय जमत. आपनच अर्दा तास आदी यायचा."

दिवाळे कोळीवाड्यातून चालत ते साडेनऊला हजर. कीबोर्डखालच्या चिठ्ठीवरचा माझा पासवर्ड एका बोटाने टाइप करायचे. मी दहाला धापा टाकत यायची, तेव्हा सगळं तयार. त्याबद्दल मी त्यांचे कधी आभार मानले नाहीत.

एकदा त्यांनी घडी घातलेला कागद माझ्यापुढे ठेवला. होडीच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी बोलणं तुटलेलं, त्यांना लिहिलेलं पत्र. "बाय, हा टाइप करून दे. माजा अक्षर बगितला तर दादा वाचायच्या आदीच फाडल. टाइप केलेला सरकारी वाटल, मंग वाचल."

मला हसू आवरेना. "उद्या नक्की, काका." त्या दिवशी कोर्टाचं काम होतं. दुसऱ्या दिवशीही होतं. असा महिना गेला. काका टेबलापाशी घुटमळायचे, मग स्वतःच म्हणायचे, "ऱ्हाऊ दे. मला वाट बगायची सवय हाय." आणि माझा चहा ठेवून जायचे.

एका सोमवारी मी आले, तर कॉम्प्युटर बंद. मीच बटण दाबलं आणि पडद्यावरच्या त्या फिरणाऱ्या गोलाकडे बघत बसले. वीस मिनिटं किती लांब असतात ते पहिल्यांदा कळलं. तेवढ्यात त्यांच्या घरून फोन आला. पहाटे छातीत कळ येऊन काका गेले होते. त्यांच्या पत्राला मला दहा मिनिटंही लागली नसती.

तेराव्यानंतर त्यांचे दादा छत्री आणि डबा न्यायला आले. मी ड्रॉवरमधून कागद काढून दिला. "तुमच्यासाठी होता. टाइप करायचा माझ्याकडून राहिला."

त्यांनी उभ्याउभ्याच वाचला. पुन्हा वाचला.

"त्याचाच अक्षर," ते म्हणाले. "असाच धाडला असता तरी मी आलो असतो ना, बाय."

पुढे साहेबांनी डिस्क बदलून घेतली. कॉम्प्युटर आता मिनिटभरात चालू होतो. तरी मी साडेनऊलाच येते. कोणी यायच्या आत रडून घेते.