बेसबॉलमधली विकेट

ताईच्या खिडकीबाहेर बर्फ साचला होता आणि आत संगणकावर बेसबॉलचा सामना चालू होता. खरा नव्हे. तिच्या अमेरिकेतल्या गावाचा संघ हिवाळ्यात खेळत नाही, म्हणून भावजी संगणकावरच त्याचे सामने लावायचे आणि चॅटबॉटकडून मराठीत वर्णन लिहून घ्यायचे. क्रिकेटवर वाढलेला माणूस. बेसबॉलमध्ये विकेट नसते, तिघे बाद झाले की डाव संपतो; तरी कुणी बाद झाला की ते 'विकेट गेली' म्हणायचे. चॅटबॉटलाही त्यांनी तेच शिकवलं होतं.

भावजींना जाऊन चार महिने झाले. ताईला या खेळातलं काही कळत नाही. तरी रोज दुपारी ती त्यांच्या खुर्चीत बसून सामना लावते.

पडद्यावर ओळ उमटली: "तिसरी विकेट गेली, अण्णा. डाव संपला. चहा घेऊन या."

भावजी अगदी असंच बोलायचे. त्यांचे कपडे वाटून झाले, चष्माही कुणाला तरी दिला. ही एक चूक तेवढी घरात राहिली होती, आणि ती बोलत होती.

"तुला अण्णा म्हणतोय तो," मी म्हटलं.

"मला नाही, यांना." ताई पडद्याकडेच पाहत होती. "बँकेला कळवलं, पेन्शनवाल्यांना कळवलं. याला अजून सांगितलं नाही मी."

ती उठली, चहा करून घेऊन आली. कप बाजूला ठेवून तिने एका बोटाने सावकाश टाइप केलं: "आलो. पुढचा डाव लाव."