परक्यासाठीचा जुना शब्द

आज अक्रोड फोडताना त्याच्या सालीचा कडवट वास आला, आणि भोकरदनचं सासरचं स्वयंपाकघर आठवलं.

लग्न नुकतंच झालं होतं. दुसऱ्या दिवशी जालन्याला एम.ए.चा इंग्रजीचा पेपर होता, पण सासरे जाऊ देईनात. तरी त्या संध्याकाळी मी चुलीपाशी बसून हजार वर्षांपूर्वीचे इंग्रजी शब्द घोकत होते.

"काय वाचून राह्यली?" भाकरी थापत सासूबाईंनी विचारलं.

"'वेआल्ह'. म्हणजे परका. बाहेरून येऊन राज्य घेतलेल्यांनी तिथल्याच लोकांना हे नाव दिलं. पुढं त्याचा अर्थ गुलामही झाला. अक्रोडाच्या इंग्रजी नावात, 'वॉलनट'मध्ये, तो अजून आहे."

त्यांचे हात थांबले. "जाफराबादहून आल्ते मी. इतकी वर्सं झाली, अजून परकीच म्हणतात मला या घरात."

तव्यावरची करपलेली भाकरी त्यांनी उतरवून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "सकाळच्या गाडीनं जाय. मी बघते इथलं."

मी गेले. संध्याकाळी परतले, तेव्हा सासरे तोंड फिरवून बाहेर गेले. सासूबाईंनी ताट वाढलं आणि हळूच विचारलं, "लिहिला का तो शब्द?"

तेव्हा वाटलं, त्या पेपरचं विचारतायत. आता वाटतं, तो शब्द कुणीतरी कुठंतरी लिहून ठेवावा, एवढंच त्यांना हवं होतं.