मिठाच्या राशीतली रिंग

ती घटना आजही आठवते आणि भर दुपारी अंगावर काटा येतो. मोबाइल तेव्हा नवा होता. नेटवर्क पेणपर्यंत कसंबसं पोचलेलं, रोह्यात नव्हतंच.

रोह्याच्या एका मीठ-व्यापाऱ्याची बायको आमच्या पेण ठाण्यात आली; त्याचं मिठागर आमच्या हद्दीत होतं. नवरा रात्री मिठागरावर राहून आदल्या सकाळच्या विमानाने दिल्लीला निघाला, तो पोचलाच नव्हता. मी प्रवाशांची यादी तपासली. त्याचं नाव होतं, विमानात बसल्याची खूणही होती. माणूस स्वतःहून गेलाय, असं सांगून मी स्टेशन डायरीत नोंद केली.

"पन साहेब, विमान वर असताना मी बूथवरनं फोन लावला. रिंग पुरी वाजली. आज पन वाजते. विमानात वाजतो काय ओ फोन?"

"वाजत असेल. त्यांना उचलायचा नसेल."

मोबाइल मी तोवर हातातही धरला नव्हता. तरी ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्याच मिठागरावरची एक मजूर बाई आली. "साहेब, मिठाच्या राशीतनं घंटी वाजते. भूत हाय. बाया कामाला नाय येत."

हवालदार हसला. मला हसू आलं नाही. मोबाइल कंपनीच्या इंजिनीअरला विचारलं. तो म्हणाला, उडत्या विमानातल्या फोनला टॉवर सापडत नाही. लावणाऱ्याला 'संपर्क होत नाही' अशी नुसती टेप ऐकू येते. रिंग गेली म्हणजे फोन जमिनीवरच.

व्यापाऱ्याच्या भागीदाराला बोलावलं. त्यानेच त्याला विमानतळावर सोडल्याचा जबाब दिला होता. खोटं बोलणाऱ्याला जरा मोकळं सोडावं, तो जास्तीचं सांगतो.

"आत जाईपर्यंत फोन कानालाच होता त्याच्या," तो म्हणाला.

त्याला जीपमध्ये घालून मिठागरावर नेलं. व्यापाऱ्याच्या बायकोला बूथवरून फोन लावायला सांगा, असा बिनतारी संदेश रोहा ठाण्याला दिला. पंच आणि आम्ही राशीभोवती उभे राहिलो. ऊन मिठावर लखलखत होतं. आणि आतून रिंग वाजू लागली.

रास उपसली, प्रेत निघालं आणि भागीदाराने कबुली दिली. विमानाच्या आदल्या संध्याकाळी भांडणात त्याने व्यापाऱ्याच्या डोक्यात फावडं घातलं होतं. मग व्यापाऱ्याच्या तिकिटावर स्वतःच्या भावाला पाठवलं. तेव्हा ओळखपत्र कोण बघतंय!

शिक्षा झाली. पण व्यापाऱ्याच्या बायकोने मला एकच विचारलं, "मी तुमच्याकडं आले तवा ते जिवंत होते काय?"

मिठातल्या प्रेतावरून मृत्यूची नेमकी वेळ डॉक्टरांना सांगता आली नव्हती. जागीच गेला, हे फक्त खुनी म्हणत होता. मी "नाही" म्हणालो.

त्यानंतर तक्रार पुरती ऐकल्याशिवाय मी कुणाला उत्तर दिलं नाही. त्या "नाही"ची खात्री मात्र मला अजून नाही.