दाजींनी ‘नाय’ म्हटलं म्हणून

श्रावण सरत आला होता. सकाळी कुसुमचा फोन आला. कुसुम माझी भाची. आधी नुसती रडली. मग म्हणाली, “मावशी, दादा गेले गो…”

दादा म्हणजे तिचे वडील. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे शिवरामदाजी. ऐंशीच्या घरात होते, पण अंथरूण धरलेलं नव्हतं. गुरांना वैरण टाकून पडवीत येऊन बसले, सुनेकडे चहा मागितला आणि चहा बाहेर येईपर्यंत मान कलली. सोन्यासारखं मरण आलं, असं भेटायला येणारा जो तो म्हणत होता, आणि त्यात खोटं काही नव्हतं. तरीही महाडहून पोलादपूरला जाताना एस.टी.त मला हुंदका आवरेना. शेजारच्या बाईंनी विचारलं, “कोण गेलं हो?” म्हटलं, “बहिणीचे यजमान.” त्या जराशा चकित झाल्या. बहिणीच्या नवऱ्यासाठी कुणी एवढं रडतं का? त्यांना थोडक्यात कसं सांगणार होते मी… आता महिना उलटल्यावर, सावकाश सांगते.

आमचं माहेर वरंधच्या अलीकडचं. आक्काला, म्हणजे यशोदेला, दिली होती पोलादपूरच्या वर, कुडपणच्या वाटेवरच्या एका वाडीत. एस.टी. खाली सोडायची, मग चढण. घर लहान, डोंगरउतारावर भाताची चार खाचरं, वरच्या अंगाला नाचणी-वरीची जमीन, एक बैलजोडी, एक म्हैस. सासू-सासरे आधीच गेलेले. पण दोघांचं चांगलं जमलं होतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. कुसुम शाळेत जायच्या वयाला आली होती, नंदू नुकता पावलं टाकायला लागला होता, आणि दिवाळीच्या सुमारास आक्काला कावीळ झाली. झाडपाला झाला, मग डॉक्टर झाले. आक्का गेली.

मी तेव्हा महाडला मामांकडे राहून अकरावीला शिकत होते. मला मास्तरीण व्हायचं होतं, डी.एड. करायचं होतं. चैत्रात परीक्षा देऊन घरी आले तर आईनं माझ्यासाठी हिरवं लुगडं आणून ठेवलेलं. ते कशासाठी, हे दोघींनाही ठाऊक होतं. मोठी बहीण गेली, पदरात लहान पोरं आहेत, तर धाकटीनं त्या घरात जायचं, ही आमच्याकडची रीतच. यात कुणाला वावगं वाटायचं नाही. आईवडील दुष्ट नव्हते, नातवंडांसाठी त्यांचा जीव तुटत होता. आणि खरं सांगायचं तर माझाही तुटत होता. नंदू मला बिलगला की आक्काच्या लुगड्याचा वास यायचा. पण वह्या ट्रंकेत ठेवताना प्रत्येक वही मी पुन्हा एकदा उघडून बघत होते.

ठरल्या दिवशी दाजी आले. खांद्यावर नंदू, बोटाला कुसुम. ओटीवर चार मोठी माणसं बसली होती. मी माजघराच्या दाराआड उभी. वडिलांनी सरळ विषय काढला, “शिवराम, मावशीसारखी आई दुसरी कोण मिळनार पोरांना? येत्या अक्षय तृतीयेला उरकून घेऊ.”

दाजींनी नंदूला मांडीवर घेतलं. नंदू त्यांच्या सदऱ्याच्या गुंडीशी खेळत होता. मग ते म्हणाले, “सुमनला विचारलं काय कोणी?”

“तिला काय विचारायचं?” वडील म्हणाले.

“मग मी विचारतो. सुमन, हिकडं ये गो जरा.”

मी बाहेर आले, आईनं दिलेलं लुगडं नेसूनच. दाजी माझ्याकडे बघून म्हणाले, “कोनाला भिऊ नको. तुला काय वाटतंय ते सांग.” मला बोलताच येईना. डोळे तेवढे भरून आले. दाजींनी खाली बघितलं आणि वडिलांना म्हणाले, “मामा, उत्तर मिळालं. पोर शिकतेय, शिकू दे. ह्या लग्नाला माझं नाय हाय.”

ओटीवर एकदम कालवा झाला. आई तर रडतच बाहेर आली. “मग पोरं तरी हिकडं ठेव. पुरुषमानसाला झेपनार हाय काय? शेत करशील की शेंबूड पुसशील?”

“दोन्ही करीन,” दाजी म्हणाले. “आई, त्यांची आई गेलीय. आता बाप पन नको काय त्यांना?”

नंदूला पुन्हा खांद्यावर घेऊन ते निघाले. आई पुढं दोन-तीन वर्षं त्यांच्याशी धड बोलली नाही.

सुट्टी होती म्हणून मी अधूनमधून वाडीवर जायचे. दाजींचा संसार मी त्या काळात जवळून बघितला. लोक हसायचे, नाही असं नाही. विहिरीवर बायकांच्या रांगेत एकटा पुरुष पोरांचे कपडे धूत उभा, हे दृश्य त्या मुलखात कुणी पाहिलेलं नव्हतं. पहाटे उठून भाकऱ्या थापायचे. पहिले काही दिवस त्या भाकऱ्या म्हणजे नुसते नकाशे. कुसुम म्हणायची, “दादा, ही भाकरी तुटत नाय,” तर म्हणायचे, “मग पेजेत बुडव, नरमल.” नांगराला जाताना दोघांना घेऊन जायचे. बांधावरच्या आंब्याला आक्काच्या जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली असायची, तिच्यात नंदू. कुसुमनं झोका द्यायचा आणि दाजींनी बैल हाकता हाकता तिला ओरडून गोष्ट सांगायची. बैल वळले की गोष्टही अर्ध्यावर थांबायची. चिखल सारखा करायची वेळ आली की बैलांमागच्या फळीवर वजन लागतं, तर दाजी दोन्ही पोरांना फळीवर बसवायचे. चिखलानं माखलेली ती दोघं अशी काही खिदळायची की पलीकडच्या शेतातली माणसं हात थांबवून बघायची.

कुसुमच्या वेणीचा मोठा प्रश्न होता. केस दाट, अगदी आक्कासारखे, आणि उवांनी भरलेले. शेजारच्या सीताकाकू म्हणाल्या, “काप ते केस, शिवराम.” कुसुमनं डोकं दोन्ही हातांनी धरून भोकाड पसरलं. दाजींनी तिला मांडीत घेतलं, कंगवा मागून आणला आणि दुपारभर उवा काढत बसले. मग वेणी घालायला घेतली. म्हणाले, “तीन पेडाचं दावं मी रोज वळतो, वेनी काय निराळी?” वेणी खरंच दाव्यासारखी झाली, करकचून आवळलेली. पोरीच्या भुवया वर चढल्या होत्या. तरी ती साऱ्या वाडीत मिरवून आली.

त्याच आषाढात दाजींची खरी परीक्षा झाली. लावणी ऐन भरात होती आणि नंदूला गोवर निघाला. अंगावर उठला तो उठलाच, पण छाती भरली. दाजींनी बैल सोडले, पोराला घोंगडीत गुंडाळून पोटाशी बांधलं, वर इरलं घेतलं आणि भर पावसात चढण उतरून पोलादपूर गाठलं. डॉक्टरांनी औषध दिलं, म्हणाले पोराला जपा, ओल्यात नेऊ नका. दाजी घरी आले आणि चुलीशेजारी त्याला घेऊन बसले ते उठलेच नाहीत. बाहेर तरव्याच्या वाफ्यातली रोपं पिवळी पडत चालली. भाताची रोपं वेळेत लावली नाहीत तर वर्षभर खायचं काय? मी म्हटलं, “दाजी, मी बसते याच्यापाशी, तुम्ही शेतात जा.” तर नंदू डोळे न उघडता त्यांचा सदरा मुठीत धरून होता. दाजी म्हणाले, “मूठ सुटली की जाईन.” 

मूठ सुटेना. सकाळी सीताकाकू डोकावल्या, पोराकडे बघितलं, दाजींकडे बघितलं, तशाच मागे फिरल्या. थोड्या वेळानं मी पाण्याला बाहेर पडले तर आमच्या खाचरात इरली वाकलेली दिसली. विहिरीवर हसणाऱ्याच साऱ्या. मीही लुगडं खोचून त्यांच्यात उतरले. तरी रोपं काही सगळी हाती लागली नाहीत. वरचं एक खाचर त्या साली पडीक राहिलं आणि पुढं कितीतरी महिने त्या घरात भात सणासुदीलाच शिजला, एरवी नाचणी. पण नंदू उठला. उठल्या उठल्या त्यानं म्हशीच्या नावानं हाक मारली तेव्हा दाजी परसात गेले, आणि बराच वेळ आत आले नाहीत.

मी डी.एड. झाले, महाडला शाळेत लागले, माझंही लग्न झालं. ऐंशी सालानंतरची गोष्ट असेल, एक दिवस मधल्या सुट्टीत दाजी शाळेच्या फाटकाशी उभे. घामाघूम, टोपी हातात. मी घाबरले. ते जमिनीकडे बघत म्हणाले, “कुसुम मोठी झाली काल… घाबरलीय पोर. सीताकाकू लेकीकडं गेल्यात. मला जेवढं बोलता आलं तेवढं बोललो, पन पुढचं मला नाय जमनार. तू येतेस काय गो?” मी रजा टाकून त्यांच्याबरोबर निघाले. घरी पोचले तर कुसुम स्वच्छ अंथरुणावर बसलेली, जवळ दाजींनी निघताना दिलेल्या गुळाच्या चहाचा रिकामा पेला, आणि आक्काचं उरलंसुरलं मऊ लुगडं घड्या घालून ठेवलेलं. पुढं शिकायला कुसुम माझ्याकडेच राहिली. आईही तोवर निवळली होती. जावयाच्या हातची भाकरी खाऊन एकदा म्हणाली, “माझ्यापेक्षा पातळ करतोस रे.”

मी एकदाच विचारलं होतं, “दाजी, दुसरीकडे तरी लग्न का नाही केलंत? स्थळं येत होती की.” दाजी हसले. “सवड कुठं मिळाली?” म्हणाले. मग म्हणाले, “आनि खरं सांगू? तुझ्या आक्काशी भांडायची सवय झालेली. दुसरीशी कसं जमनार…”

दिवसकार्याला सगळे जमलो होतो. मुंबईहून कुसुमची लेक तिच्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. नंदूनं आता स्लॅबचं घर बांधलंय. पडवीच्या भिंतीत डोक्याच्या उंचीला सागवानी खुंट्या आहेत आणि त्यांच्या खाली, माझ्या कमरेच्याही खाली, दोन बुटक्या खुंट्या. नंदू सांगत होता, “जुन्या घरात आमच्या दोघांच्या अशाच होत्या. हे घर बांधताना दादांनी गवंड्यासमोर बसून त्या पुन्हा ठोकून घेतल्या. मी म्हटलं, आता घरात कोण लहान हाय? तर म्हणाले, येतात रे पोरं, येतच असतात.”

आम्ही बोलत होतो तेवढ्यात तो चिमुरडा अंगणातून धावत आला. कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, हात पुढे केला, बुटक्या खुंटीला ती अडकवली आणि पुन्हा अंगणात पळाला.