कणकेतलं फूल

नव्वदीच्या दशकात मंचरहून तळेघरला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी एक पाथरवट मांडीवर परात घेऊन बसला होता. परातीत ओल्या फडक्याखाली कणकेचा गोळा! कंडक्टर म्हणाला, "पावणं, भाकरी इथंच थापताय का?"

त्याने फडकं अलगद उचललं. कणकेत दगडी फुलाचा ठसा होता. एका जुन्या रेल्वे स्टेशनच्या कमानीवरची फुलं फुटली होती आणि साहेब तिथे सिमेंट लिंपणार होते. याने शाबूत राहिलेल्या एकमेव फुलाचा ठसा घेतला होता, हुबेहूब तशीच फुलं दगडात घडवायला.

"ठसा मोडला तर सिमेंटच बसंल. आपल्या तालुक्यात रूळ न्हाई राव, पण ठेसनाचं फूल आमीच घडवणार!"

छाती माझीच फुगली. कंडक्टर मात्र तिकिटं सोडून ड्रायव्हरवर ओरडला, "हळू घे भाऊ, मागं ठेसन बसलंय!"