मावशींनी बर्फाला दोष दिला

नेरूळकरांनो, आज सकाळी मासे घ्यायला गेले आणि हादरून आले.

उरणहून येणाऱ्या माझ्या नेहमीच्या कोळीणमावशी कोलंबी तोलत होत्या. टाचेत शिंगाळा माशाचा काटा घुसलेला, रक्त येतंय, आणि त्यांना पत्ताच नाही! मी ओरडले तेव्हा त्यांनी खाली पाहिलं.

"काय नाय गो बाय, बर्फाच्या पान्यानं पाय बधिरच असतान."

मी लॅबमध्ये रक्त तपासते. मावशींना डायबिटीस आहे हे मला माहीत होतं. म्हणून विचारलं, "सोमवारी तुम्ही बसत नाही, तेव्हा बर्फ नसतो. त्या दिवशी पायाखालची जमीन जाणवते का?"

मावशींनी तराजू खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "नाय गो. परवा चप्पल निसटली, तरी मी तशीच चालत व्हते."

त्यांना रिक्षात बसवून डॉक्टरांकडे नेलं. वाटेत सोपं करून सांगितलं, की साखर खूप काळ वाढलेली राहिली की रक्तातल्या लाल पेशी कडक होतात. केसाहून बारीक रक्तवाहिन्यांतून त्यांना दुमडून जाता येत नाही. मग पायाच्या नसांना प्राणवायू कमी पडतो आणि त्या हळूहळू मरतात. बाकीही कारणं असतात, पण हे एक.

इतकी वर्षं मी त्यांच्याकडच्या प्रत्येक माशाचे कल्ले उघडून बघते. त्यांच्या पायांकडे आज पहिल्यांदा पाहिलं.

तुमच्या घरातल्या डायबिटीसवाल्या माणसाचे तळवे तुम्ही शेवटचे कधी पाहिलेत?