पाचव्या पट्टीवरचा आवाज

“मागीर!” असं म्हणून ती पडद्याच्या कोपऱ्यातली ती चौकट बंद करायची. दारात आलेल्या फेरीवाल्याला वाटेला लावावं तसा तिचा डावा हातही हवेत हलायचा. चौकटीत लिहिलेलं असायचं, तुमच्या कॉम्प्युटरसाठी नवी सिस्टम तयार आहे, आत्ता घालायची की नंतर? मागीर म्हणजे आमच्याकडे नंतर. तिचं हे नंतर बारा वर्षं चाललं.

डिचोलीच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे. फोटो मी काढतो. लग्नं, मुंजी, जत्रा यांचे व्हिडिओ कापून जोडायचं काम तिचं. सगळे तिला बाय म्हणायचे, मीही. नाव इथे लिहीत नाही, लिहिलेलं तिला आवडणार नाही. लाटंबार्स्याहून सकाळच्या बसने यायची, चपला दाराबाहेर काढायची, कॉम्प्युटरवरचा टॉवेल घडी करून ठेवायची आणि मगच बटण दाबायची. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या हातात जुनी वस्तू मरतच नाही. अशा माणसांचं कौतुक वाटतं आणि वैतागही येतो. मला वैताग जास्त यायचा.

ती ज्या सॉफ्टवेअरवर काम करायची ते बनवणारे लोक केव्हाच दुकान आवरून गेले होते. ते चालायला कॉम्प्युटरच्या पाठीत अंगठ्याएवढी एक किल्ली खोचावी लागे, तिला डोंगल म्हणतात. तिचा हिरवा दिवा लागला तर सॉफ्टवेअर उघडणार, नाहीतर नाही. बाय रोज वाकून आधी दिवा बघायची. इंटरनेटची वायर गिऱ्हाइकाला काही पाठवण्यापुरती जोडायची आणि लगेच काढून ड्रॉवरमध्ये टाकायची, कारण वायर लागली की ती चौकट आलीच.

“बाय, नवीन घेऊया. सगळ्यांनी घेतलं.”

“जुनें चलता मरे, भाई. तुका कितें त्रास?”

त्रास होता. गिऱ्हाइकं नव्या मोबाइलवर काढलेले व्हिडिओ आणत आणि ते आमच्या म्हाताऱ्या सॉफ्टवेअरच्या घशाखाली उतरत नसत. बाय आधी ते दुसऱ्या एका यंत्रावर जुन्या पद्धतीचे करून घ्यायची, मग कापायची. तासाभराच्या कामाला अख्खा दिवस जायचा. एकदा गिऱ्हाइकासमोरच मी म्हणालो, “आमच्या बायला नवीन शिकायची भीती वाटते.” संध्याकाळी टॉवेल नीट पसरून बसला गेली. ते वाक्य मी बोलायला नको होतं.

मग तिची आई गेली. मी लाटंबार्स्याला जाऊन आलो. दिवस होईपर्यंत ती दुकानात येणार नव्हती. इकडे पेडण्याच्या एका लग्नाचे फोटो आखातात पाठवायचे होते, आणि नवऱ्यामुलाचे फोनवर फोन. मी ड्रॉवरमधून वायर काढली, तिच्या कॉम्प्युटरला जोडली, फोटो पाठवले. कोपऱ्यात चौकट आली. मी “आत्ता” दाबलं. खरं सांगतो, दाबताना थोडी मजाही वाटली. आली की म्हणेन, बघ, काही बिघडलं का?

तेराव्यानंतर ती आली. टॉवेल काढला, वाकून दिवा बघितला. दिवा विझलेला. डोंगल काढून परत खोचला. पुन्हा वाकली. 

“काय झालं?”

“भाई, म्हजी आवय भितर आसा.”

आवय म्हणजे आई. त्या दिवशी तिने मला पहिल्यांदा सगळं सांगितलं. पौषात आमच्याकडे बायका मांडावर, म्हणजे गावच्या ठरलेल्या पवित्र अंगणात, धालो खेळतात. समोरासमोर दोन ओळी, एकमेकींच्या कमरेला हात, आणि गाणी. पुरुषांनी तिकडे फिरकायचं नाही. नवरा गेलेल्या बाईनेही ओळीत उभं राहायचं नाही, अशी रीत. गावातली सगळ्यांत जास्त गाणी बायच्या आईला येत आणि वडील वारल्यावर तीच मांडाबाहेर राहिली. तेव्हा बाय दर वर्षी मांडावर स्वतः कॅमेरा घेऊन जाऊ लागली. नंतर आईला घरच्या मागच्या पडवीत बसवून तीच गाणी तिच्याकडून गाऊन घ्यायची आणि तो आवाज मांडाच्या चित्राखाली लावायची. सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक आवाजाच्या पट्ट्या असत, चार पट्ट्या मांडाच्या, पाचवी आईची. पोरी जिथे अडखळत तिथे आई त्यांना सावरून घेई. पण गावात सीडी वाटायच्या वेळी बाय पाचवी पट्टी बंद करायची. मांडाचं काम, कोणाला खटकलं तर आईलाच बोल लागायचा. त्यामुळे आईच्या आवाजासकटचा व्हिडिओ तिने कधी बाहेर काढलाच नाही. पुढच्या वर्षी बघू, लोक बदलतील, असं म्हणत राहिली. कॅमेऱ्याच्या मूळ कॅसेटींना बुरशी लागून गेलेली. आवाजाच्या फायली त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या बांधणीच्या, दुसरं कुणी त्या उघडेना.

नवी सिस्टम घातल्यावर ठरावीक दिवसांत जुन्यावर परत जाता येतं, हे मला तेव्हा कळलं. ते दिवस तिच्या सुतकात सरून गेले होते.

मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, “तुका खबर नासलें. असूं.” ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

पुढचे तीन महिने ती दिवसभर गिऱ्हाइकांचं काम करायची आणि जेवणाच्या सुट्टीत हे. कॉम्प्युटरची तारीख मागे नेऊन बघितली. जुनी सिस्टम पुन्हा घालून बघितली, ती अर्ध्यावर अडायची. म्हापशाहून एक तंत्रज्ञ आला आणि म्हणाला, “ताई, हे आता विसरा.” तिने त्याला चहा पाजला. तो गेल्यावर परत खुर्चीत बसली. डबा कित्येकदा तसाच परत जायचा. मला तिच्याकडे बघवत नसे.

अखेर तीच म्हणाली, की जुनं सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर नेण्यापेक्षा जुनं यंत्रच शोधूया. आमच्याकडे खाणी बंद पडल्या तेव्हा त्यांच्या कचेऱ्यांतलं सामान भंगारात गेलं होतं. माझ्या स्कूटरवरून आम्ही भंगारवाले पालथे घातले. कॉम्प्युटरचा ढीग दिसला की बाय म्हणायची, “हाची फाट दाखय,” आणि मागच्या बाजूला डोंगलची खाच आहे का ते बोटाने चाचपायची. एकेक यंत्र मांडीवर घेऊन ती मागे बसायची. उघडलं की आत खाणीची तांबडी माती. रंगाच्या ब्रशने आम्ही ती झाडायचो, चिमटीत धरून वायरी काढायचो. तीन यंत्रं सुरूच झाली नाहीत.

चौथ्यावर दिवा लागला.

तिने सॉफ्टवेअर आणि जुन्या फायली त्यावर उतरवल्या आणि हेडफोन घातले. मी दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो. आत आलो तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि ती म्हणत होती, “पंखो हाड.” यंत्र तापत होतं. एक झाकण काढून समोर टेबलफॅन लावला. पूर्ण व्हिडिओ बाहेर काढायला पाच तास लागत आणि तेवढ्यात वीज जायची. पहिल्या दिवशी गेली, दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी वीज टिकली. कुठल्याही मोबाइलवर चालेल अशी एक फाइल तयार झाली. तिने ती त्या दिवशी तिला न्यायला आलेल्या तिच्या भावाच्या फोनवर घातली, माझ्या फोनवरही घातली. मग खुर्चीला पाठ टेकून बसली. इतक्या वर्षांत मी तिला पाठ टेकलेली पाहिली नव्हती.

“म्हजें काम जालें, भाई.”

मला वाटलं, त्या दिवसापुरतं म्हणतेय. महिनाअखेर ती दुकान सोडून गेली. मी थांब म्हणालो नाही. तिला मी बारा वर्षं हट्टी समजत होतो. ती आईचा आवाज राखत होती आणि आता दमली होती, आणि त्या दमण्यात माझा वाटा मोठा होता.

गावातल्या सगळ्यांत वयस्क बाईकडे बाय स्वतः गेली होती, आईची गाणी बायकांना ऐकवली तर चालतील का हे विचारायला, असं मागाहून कळलं. म्हातारी म्हणाली होती, “तुज्या आवयचीं अर्दीं गाणीं आमी विसरलीं गो. घेवन यो.”

पौषाच्या आधी एका रविवारी दुपारी काही फोटो द्यायला मी लाटंबार्स्याला गेलो. आंब्याखाली बायकांचा सराव चालला होता, बायने दिलेल्या व्हिडिओतली गाणी ऐकून. मांड नव्हता, त्यामुळे मला कुणी हाकललं नाही. बाय ओळीत उभी होती, हातात कॅमेरा नव्हता. गाणं छान चाललं होतं आणि एका ओळीच्या मध्येच सगळ्या एकदम थांबल्या. क्षणभर कुणाचाच आवाज नाही. मग पुन्हा सुरू. पुढच्या कडव्यातही तसंच. गाणं संपल्यावर पाणी प्यायला आलेल्या एका नव्या सुनेला मी विचारलं, मध्येच का थांबता?

“थंय रावचें पडटा,” ती म्हणाली. “आजयेन तशेंच गायलां.”

तिथे थांबावंच लागतं, आजीने तसंच गायलंय. आजी म्हणजे बायची आई, तिला शेवटची वर्षं धाप लागायची. सलग दोन ओळी म्हणवत नसत. हे बायला ठाऊक होतं, तिच्या तोंडून मलाही. तिने त्यांना सांगितलं नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं नाही. गाणं पुन्हा सुरू झालं, ती जागा आली, आणि बायही सगळ्यांबरोबर थांबली, श्वास घेतला आणि पुढची ओळ उचलली.